मुंबईत राबणाऱ्या परप्रांतीय मजुराला शेवटच्या दिवसांत पॅलिएटिव्ह केअर मिळते का?

समजा, तुमच्याकडचा सुतार बिहारमधल्या दरभंग्याचा, तोंडाचा कॅन्सर पसरलेला, डॉक्टर म्हणतात "गावी न्या", आणि आधार कार्ड बिहारचं. तर उत्तर: पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या आजारात वेदना आणि त्रास कमी करणारी सेवा, मिळते. कार्डावरच्या पत्त्यापेक्षा तो झोपतो ती जागा जास्त आडवी येते.

मी काही वर्षं घरी जाऊन सेवा देणाऱ्या टीममध्ये होतो. ही सेवा धरूनच चालते की रुग्णाला घर आहे आणि उशाशी कुणीतरी आहे. साकीनाक्याला एका गाळ्यात आठ जण पाळीपाळीने झोपायचे. सोबतचे बारा तास कामावर, म्हणून रुग्णाला वेळेवर गोळी द्यायचा तो खालचा चहावाला. आमच्या फॉर्मवर 'नातं' या रकान्यात काय लिहायचं यावरच दहा मिनिटं गेली.

अशांसाठी वांद्र्याचं शांती अवेदना सदन आहे. १९८६ पासून चालतं, शेवटच्या टप्प्यातल्या कॅन्सर रुग्णांना मोफत ठेवून घेतात. उपचार करणाऱ्या डॉक्टरांचं पत्र मागून घ्या. आयुष्मान कार्ड असेल तर ते महाराष्ट्रातही चालतं, पण दवाखान्यात दाखल झाल्यावर. खोलीभाडं आणि बुडालेली मजुरी त्यात बसत नाही.

पण आधी त्यालाच विचारा, जायचंय का. "गावी न्या" हे बऱ्याचदा खाट रिकामी करायला म्हटलं जातं, हे खरं. तरी मी पाहिलेल्यांपैकी बहुतेकांना जायचंच होतं, फक्त विचारलं कुणी नव्हतं.

जायचं ठरलं तर दरभंग्याची गाडी साधारण ३६ तास घेते. तीव्र वेदनांवरची साधी मॉर्फिनची गोळी दर चार तासांनी, म्हणजे प्रवासातच नऊ वेळा. आम्ही एकदा मोजणीत चुकलो आणि तो माणूस इटारसीच्या पुढे कण्हत गेला. गावच्या मेडिकलमध्ये मॉर्फिन मिळेल या भरवशावर राहू नका. २०१४ ला अमली पदार्थांचा कायदा सुटसुटीत झाला, तरी ती मान्यताप्राप्त संस्थेतूनच मिळते. म्हणून निघतानाच पुरेसा साठा, डॉक्टरांची चिठ्ठी, आणि पोट साफ होण्याचं औषध (मॉर्फिनने हमखास कोंडतं). बिहारमध्येच मुझफ्फरपूरला टाटा मेमोरियलच चालवत असलेलं होमी भाभा कॅन्सर रुग्णालय आहे. इथल्या डॉक्टरांना तिथल्या नावाने पत्र द्यायला सांगा. रेल्वेच्या सवलतीचा फॉर्मही त्यांच्याकडूनच भरून घ्या, स्लीपरमध्ये रुग्णाला पूर्ण माफी असते.

चिठ्ठी हिंदीत लिहून घ्या. वाचणारी बहुधा त्याची बायको असेल.