न्यूयॉर्कमधील घटस्फोटाच्या निकालाची प्रत मिळवताना
आपण फॅमिली कोर्टात अर्ज करणार असाल, तर आधी थांबा. न्यूयॉर्क राज्यात मुलांचा ताबा आणि पोटगीची प्रकरणे फॅमिली कोर्टात चालत असली, तरी घटस्फोट सुप्रीम कोर्टच (न्यूयॉर्कमध्ये हे सर्वोच्च न्यायालय नव्हे, तर दावे प्रथम चालवणारे न्यायालय) देते, आणि त्याची कागदपत्रे दावा ज्या काउंटीत (जिल्ह्यासारखा विभाग) दाखल झाला तिथल्या काउंटी क्लार्ककडे असतात. ही फाइल 100 वर्षे गोपनीय राहते. त्यामुळे पक्षकाराने ओळखपत्रासह स्वतः जावे किंवा वकिलाला पाठवावे, हेच मला सर्वांत खात्रीचे वाटते. दाव्याच्या पहिल्या पानावरील इंडेक्स नंबर (दाव्याचा नोंदणी क्रमांक) जवळ असल्यास शोध सोपा होतो. भारतात सादर करायचे असल्यास साध्या झेरॉक्सवर कृपया समाधान मानू नका. प्रमाणित प्रतच मागा आणि तिच्यावर राज्याच्या संबंधित खात्याकडून अपोस्टिल (कागद परदेशात ग्राह्य धरला जावा यासाठीचे प्रमाणपत्र) करून घ्या.