कॅमेऱ्यासमोर हातांचं काय करायचं?

"मॅडम, कॅमेरा समोर आला की हात कुठे ठेवावेत तेच कळत नाही." गेल्या काही वर्षांत हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलं आहे की त्यावर एकदा सविस्तर लिहावं असं ठरवलं. पुण्यात माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्यांमध्ये मॉडेलिंगच्या वाटेला नुकतीच लागलेली मुलंमुली बरीच असतात. कुणी कॉलेज सांभाळून कपड्यांच्या ऑनलाइन दुकानांसाठी फोटो देतं, कुणी दागिन्यांच्या कॅटलॉगसाठी, कुणी पहिलाच पोर्टफोलिओ, म्हणजे काम मिळवताना दाखवायचा फोटोंचा संच, करून घेत असतं. तक्रार मात्र एकच. मैत्रिणीच्या मोबाइलसमोर सगळं जमतं, पण स्टुडिओत दिवे लागले की अंग आखडतं.

त्यातल्या एका मुलीबद्दल सांगते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. मूळची सांगलीची, घरचं साड्यांचं दुकान, शिक्षणासाठी पुण्यात आलेली. उंच, चेहरा बोलका. तिच्या मोबाइलमध्ये साठवलेल्या पोझेसचा मोठा संग्रह होता, आणि त्या तिने खोलीत दार लावून पाठ केल्या होत्या. तरी पहिल्या टेस्ट शूटचे, म्हणजे चाचणीसाठी काढलेले, फोटो तिने मला दाखवले तेव्हा प्रत्येकात खांदे कानाकडे चढलेले आणि बोटं एकमेकांना घट्ट चिकटलेली.

"फोटोग्राफर सारखे म्हणत होते, रिलॅक्स हो. ते म्हणाले की मी आणखीच ताठ व्हायचे."

साहजिकच होतं. सैल होणं हुकमानं जमत नाही. ज्याला 'सैल हो' म्हणावं, तो आधी आपण किती ताठ आहोत हेच तपासू लागतो.

मी विचारलं, "तिथे उभी असताना मनात काय चाललेलं असतं?"

"हनुवटी वर गेली का, पोट दिसतंय का, डावा हात विचित्र वाटतोय का, मेकअपवाल्या ताई हसल्या त्या मलाच का..."

"फोटोग्राफरने कोणत्या रंगाचा शर्ट घातला होता?"

ती थांबली. बराच वेळ आठवत राहिली. "मॅडम, सकाळपासून ते माझ्या समोरच होते. पण नाही सांगता येत."

मला हवं होतं ते इथे मिळालं. ती तिथे उभी होती, पण तिचे डोळे आतल्या बाजूला वळलेले होते. आपण बाहेरून कसे दिसत असू याचं एक वाईटातलं वाईट चित्र मनात रंगवायचं आणि त्यालाच बघत राहायचं, हे लाजऱ्या, बुजऱ्या माणसाचं मुख्य काम असतं. मग शरीर सांभाळायला लक्ष शिल्लकच राहत नाही.

मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीत तयार झालेली समुपदेशक आहे. त्यामुळे अशा भीतीच्या तळाशी कोणता हट्ट दडलाय हे मी नेहमी शोधते. तिचा हट्ट असा निघाला: माझा प्रत्येक फोटो चांगला आलाच पाहिजे, नाही आला तर मी या कामाच्या लायकीचीच नाही. एका लूकचे, म्हणजे कपडे-मेकअपच्या एका जुळणीचे, किती फोटो काढतात आणि त्यातले किती ग्राहकाला देतात, हे फोटोग्राफरला विचारून यायला मी तिला सांगितलं. ती विचारून आली. काढले जातात ढीगभर, वापरले जातात मोजके, आणि हे नामांकित मॉडेल्सच्या बाबतीतही तसंच असतं. म्हणजे वाया जाणारे फोटो हा कामाचाच भाग आहे, हे तिला पटलं. चेहऱ्यावरचा ताण थोडा उतरला. हात मात्र तसेच.

पटलेलं अंगात उतरायला वाट लागते. ती वाट तिच्याकडेच होती, आणि ती मला दिसली याचं आजही समाधान वाटतं.

एका भेटीत बोलणं दुकानावर गेलं. ती म्हणाली, "सुट्टीत घरी गेले की गिऱ्हाइकांना मीच साडी अंगावर टाकून दाखवते. बाबा म्हणतात, तू दाखवलीस की साडी जाते."

"कशी दाखवतेस? दाखव बरं."

ती उठली. माझी शाल खुर्चीवर होती, तीच तिने घेतली. एका झटक्यात डाव्या खांद्यावर टाकली, काठ दोन बोटांत हलकेच धरून हात कोपरापासून बाजूला नेला, शरीराचं वजन आपोआप मागच्या पायावर गेलं, पुढचा गुडघा सैल झाला, मान किंचित वळली आणि नजर काठावरून सरळ माझ्याकडे आली. "बघा, पदराला असा मोर आहे आणि काठ असा," ती म्हणाली. शालीवर मोर नव्हता. पण मला तो दिसला.

"तशीच थांब," मी म्हटलं. "आत्ता तुझे हात कुठे आहेत?"

तिने स्वतःच्या हाताकडे असं पाहिलं की जणू तो तिला आत्ता सापडला होता.

"लक्ष कुठे होतं?"

"काठावर. तुम्हाला दिसायला नको का?"

मग तिचं तिलाच कळलं. डोळ्यांत पाणी आलं आणि ती हसूही लागली. "म्हणजे मी हे आधीपासूनच करते?"

आधीपासूनच करत होती. दुकानात ती साडी दाखवत होती, स्टुडिओत स्वतःला तपासत होती. हात तेच, शरीर तेच, फक्त लक्ष कुठे ठेवलंय ते वेगळं. फॅशनच्या फोटोत मॉडेलचं काम मुळात हेच असतं. समोरच्याला काहीतरी दाखवायचं.

मोठ्या फोटोग्राफर्सना हे फार पूर्वीच उमगलं होतं. फिलिप हाल्समन यांनी १९५० च्या दशकात आपल्यासमोर बसणाऱ्या नामवंतांना चक्क उडी मारायला लावली. मेरिलिन मन्रो, रिचर्ड निक्सन, विंडसरचे ड्यूक आणि डचेस, सगळ्यांनी उड्या मारल्या. हाल्समन यांचं म्हणणं असं, की उडी मारताना माणसाचं लक्ष उडीकडे जातं आणि चेहऱ्यावरचा मुखवटा गळून पडतो. मी मानसशास्त्राच्या वाटेनं जिथे पोचते, तिथेच ते कॅमेरा हातात घेऊन पोचले होते.

म्हणून नवीन मुलांना माझं पहिलं सांगणं हेच असतं: शूटला पोचलात की स्टायलिस्टला किंवा फोटोग्राफरला विचारा, "आज दाखवायचं काय आहे?" बाही, निऱ्या, कानातलं, बॅग, पाठीचा गळा, जे असेल ते. उत्तर मिळालं की हातांना काम मिळतं. कानातलं दाखवायचं असेल तर केस मागे सारणारा हात आपोआप योग्य जागी जातो. काम नसलेला हात मात्र फोटोत लटकत राहतो.

आता थोडं तांत्रिक. हे मी अनेक फोटोग्राफर्सशी बोलून आणि मुलांच्या चांगल्यावाईट फोटोंवरून शिकले आहे. हाताचा पंजा आडवा, पूर्ण रुंदीने कॅमेऱ्याकडे आला की चेहऱ्याएवढा मोठा दिसतो. करंगळीची कड कॅमेऱ्याकडे ठेवली की तोच हात निमुळता होतो. स्पर्श नेहमी हलका हवा. गालावर हात टेकवून भार दिला की गाल दबतो आणि फोटोत ते लगेच कळतं. दंड बरगड्यांना चिकटवला तर पसरून जाड दिसतो, म्हणून कोपर जरासं बाहेर ठेवून कमरेशी थोडी फट सोडायची.

उभं राहताना वजन मागच्या पायावर. दोन्ही पायांवर सारखं वजन दिलं की माणूस शाळेच्या प्रार्थनेला उभा राहिल्यासारखा दिसतो. हे कुणा परदेशी मासिकातून शिकायची गरज नाही. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातल्या भित्तिचित्रातला बोधिसत्त्व पद्मपाणी पाहा. मान, कंबर आणि गुडघा तीन वेगळ्या दिशांना कललेले, शिल्पकार ज्याला त्रिभंग म्हणतात तो. उजव्या हातात कमळ आहे, म्हणजे हातालाही काम आहे. मी मुलांना त्याचा फोटो दाखवते आणि तसं उभं राहायला सांगते. पाचेक मिनिटांत खांदे खाली येतात.

हनुवटीचं एक गुपित आहे. लाजणारा माणूस मान मागे घेतो, आणि मग जबड्याखाली वळी पडते. चेहरा किंचित पुढे काढून मग हनुवटी थोडी खाली आणायची. करताना अगदी विचित्र वाटतं, पण समोरून ते पुढे काढणं दिसत नाही, फक्त जबड्याची रेघ स्पष्ट होते. आणि लेन्स कोणती लावलीय हे विचारायला संकोच करू नका. रुंद कोनाची लेन्स जवळून वापरली तर कॅमेऱ्याच्या जवळचा भाग अवाढव्य दिसतो. तिथे गुडघा किंवा हात पुढे काढला तर तो बिघडतो, यात तुमचा दोष नसतो.

क्लिकच्या वेळी श्वास रोखू नका. श्वास सोडता सोडता फोटो होऊ द्या. आणि एका पोझमधून दुसरीत उडी मारू नका. आधी नजर बदला, मग मान, मग हात. या मधल्या हालचालींतच अनेकदा सर्वांत चांगला फोटो असतो.

आरशाबद्दलही सांगायला हवं, कारण "आरशात छान दिसते, फोटोत नाही" हे दुसरं नेहमीचं वाक्य. आपण आयुष्यभर स्वतःला उलटं पाहिलेलं असतं, डाव्याचं उजवं झालेलं. १९७७ साली अमेरिकेत एक प्रयोग झाला. त्यात तरुणींना स्वतःचा आरशातल्यासारखा उलटा फोटो जास्त आवडला आणि त्यांच्या मित्रमैत्रिणींना सरळ फोटो. ज्याची सवय, ते आवडतं. तेव्हा स्वतःचा फोटो खटकला तरी पहिल्या दिवशी निकाल लावू नका. दोनतीन दिवसांनी परत बघा, आणि निवड दुसऱ्या कुणाबरोबर बसून करा.

आता ज्या गोष्टीसाठी मला हा लेख खरोखर लिहावासा वाटला, ती. कॅटलॉगमध्ये साडीच्या आड उभं राहता येतं. ग्लॅमर फोटोग्राफीत दाखवायचं असतं ते माणूसच, म्हणून तिथे काठ धरण्याची युक्ती पुरत नाही. तिथे लक्ष ठेवायला एक मनोभाव हवा, मनात म्हणायचं एखादं वाक्य हवं, आणि सगळ्याच्या आधी सुरक्षितता हवी.

त्या मुलीचं काम सुरळीत चाललं होतं, आणि एक दिवस ती पुन्हा आली. "मॅडम, पुन्हा आखडले." विचारल्यावर कळलं, ठरलेल्या कपड्यांपेक्षा वेगळे, फार तोकडे कपडे ऐनवेळी पुढे केले होते आणि "प्रोफेशनल हो" असं सांगितलं होतं.

"हे ते जुनं आखडणं नाही," मी तिला म्हटलं. "या वेळी तुझं अंग नाही म्हणतंय. त्याचं ऐक."

दोन्ही आखडणं बाहेरून सारखंच दिसतं, म्हणून मुलं गोंधळतात आणि भलत्याच जागी धीट व्हायला बघतात. मी सांगते ती खूण साधी आहे. बुजरेपणा काम सुरू झाल्यावर हळूहळू ओसरतो. नको असलेल्या गोष्टीची अस्वस्थता मात्र वेळ जाईल तशी वाढत जाते, आणि कपडे बदलायला जाताना सर्वांत जास्त जाणवते.

कपडे कोणते, जागा कोणती, तिथे कोण कोण असेल, फोटो कुठे वापरणार आणि पैसे किती, हे सगळं शूटच्या आधी लेखी घ्या, साध्या मेसेजवर का होईना. सोबत कुणाला आणू नका म्हणणाऱ्याकडे जाऊ नका. कागदावर सही करण्याआधी तो घरी आणून वाचा. 'नोंदणी'चे म्हणून आधी पैसे मागणाऱ्या कोऑर्डिनेटरपासून, म्हणजे काम मिळवून देणाऱ्या मध्यस्थापासून, लांब राहा. अठरा पूर्ण झाले नसतील तर पालकांशिवाय काहीच ठरवू नका.

नाही म्हणायचा सराव आम्ही दोघींनी खोलीत मोठ्याने केला. "हे आपलं ठरलं नव्हतं. ठरलेल्या कपड्यांत मी काम पूर्ण करते." एवढंच. कारणं द्यायची नाहीत, माफी मागायची नाही.

"आणि काम गेलं तर?" तिने विचारलं.

"जाईल. कधी कधी जातंच."

तिने पुढच्या शूटला कपड्यांची यादी आधी मागवली. तिथून उत्तर आलं नाही आणि ते काम गेलं. त्यानंतरच्या कामाची यादी दुसऱ्याच दिवशी आली, कपड्यांच्या फोटोंसकट. त्या शूटला तिची आई सांगलीहून आली होती आणि दिवसभर स्टुडिओत बसून होती.