सरकारी कामात एआयने चुकीचा निर्णय दिला तर जबाबदार कोणाला धरायचे?

ज्याची निर्णयाखाली सही आहे, तो. परंतु एआयच्या निर्णयावर 'शेवटी एखादा अधिकारी नजर टाकतोच ना' असे तुम्ही प्रश्नात लिहिले आहे, आणि कृष्णाकाठी तलाठी म्हणून नोकरी केलेल्या मला ते वाक्य सोडून देता येत नाही.

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी ५७ फुटांच्या वर गेले. पूर ओसरल्यावर तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक असे आम्ही चिखल तुडवीत पंचनामे करत होतो. मदतीसाठी पिकाचे किमान ३३ टक्के नुकसान दाखवावे लागते. उसाची अडचण अशी की बांधावरून तो उभा आणि हिरवा दिसतो, पण शेंड्यावरून पाणी गेलेले असेल तर पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या गुंडाळलेल्या कोवळ्या पानांत, गाळ बसून तो आतून कुजतो. एका वरिष्ठांनी नुसते फोटो पाहून अशी काही शेते मदतीच्या यादीतून वगळायला फोनवर सांगितले. मी शेतकऱ्यासमोर पोंगा ओढला, तो अलगद हातात आला; बूड काळे पडले होते आणि घाण वास येत होता. पंचनाम्यात तसे नमूद करून पंचांच्या सह्या घेतल्या, खाली माझी सही केली आणि वगळायचे असल्यास लेखी आदेश द्यावा, अशी विनंती केली. आदेश आला नाही. मी नाहक हट्ट केला, असे ते साहेब आजही म्हणतात.

यंत्राचा निष्कर्ष नाकारण्याचा अधिकार, शिवारात जाण्याइतका वेळ आणि कारण नोंदवायला जागा यांपैकी एकही ज्याच्याकडे नाही, त्याच्या नजर टाकण्याला मी देखरेख मानत नाही. नेदरलँड्समध्ये बालसंगोपन भत्त्याच्या अर्जांची जोखीम संगणक ठरवू लागला, हजारो पालकांवर फसवणुकीचा खोटा ठपका बसला आणि जानेवारी २०२१ मध्ये तिथल्या सरकारला राजीनामा द्यावा लागला. त्या व्यवस्थेतही माणसे होतीच.

तुमचा अर्ज 'सिस्टीमने' नाकारला असेल तर लेखी कारण मागा. माहिती अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ नुसार प्रशासकीय निर्णयाची कारणे बाधित व्यक्तीला देणे कार्यालयावर बंधनकारक आहे. एआय वापरूच नये, असे मात्र मी म्हणत नाही. पाणी कुठवर पसरले हे उपग्रहचित्रांवरून आमच्या आधी कळू शकते. त्या साहेबांनी तेव्हा लेखी दिले असते, तर मला ते पटले नसते, तरी दाद कोणाविरुद्ध मागायची हे त्या शेतकऱ्याला निदान कळले असते.