वाचकांचे प्रश्न : हाडे जुनी की नवी?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे एकाच विषयावरची आहेत. न्यायसहायक पुरातत्त्वज्ञ असलेल्या नायिकेच्या रहस्यकादंबऱ्या हा तो विषय. पाचही पत्रे विदर्भातील खेड्यांतून आली असल्यामुळे ती येथे एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : आमच्या सार्वजनिक वाचनालयात रहस्यकथांना चांगली मागणी आहे. इंग्रजी वाचणाऱ्या काही महाविद्यालयीन मुली, जमिनीत सापडलेल्या हाडांवरून गुन्ह्याचा माग काढणाऱ्या नायिकेच्या कादंबऱ्या मागतात. कोणती पुस्तके घ्यावीत, आणि ही नायिका नेमके काय काम करते?
— ग्रंथपाल, काटोल तालुका, जि. नागपूर

उत्तर : खरेदीची सुरुवात एली ग्रिफिथ्स यांच्या रूथ गॅलोवे मालिकेपासून करावी. 'द क्रॉसिंग प्लेसेस' ही पहिली कादंबरी २००९ मध्ये आली आणि २०२३ मधील 'द लास्ट रिमेन्स' या पंधराव्या कादंबरीने मालिका पूर्ण झाली. रूथ ही इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरील नॉरफोक परगण्यात विद्यापीठात शिकवणारी, चाळिशीच्या उंबरठ्यावरची स्त्री आहे आणि भरतीचे पाणी आत शिरणाऱ्या दलदलीच्या काठावर ती एकटी राहते. त्या दलदलीत हाडे सापडतात, तेव्हा दहा वर्षांपूर्वी बेपत्ता झालेल्या मुलीचा शोध न सोडलेला पोलीस अधिकारी हॅरी नेल्सन तिच्याकडे येतो. ती हाडे लोहयुगातील, म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची, असल्याचे रूथला सांगावे लागते आणि खरी कथा तेथून सुरू होते. याच परगण्याच्या किनाऱ्यावर १९९८ मध्ये वाळूतून ५५ ओक खोडांचे एक वर्तुळ उघडे पडले आणि ती झाडे इ.स.पू. २०४९ मध्ये तोडलेली असल्याचे अभ्यासकांना निश्चित करता आले. कादंबरीतही असेच एक लाकडी वर्तुळ आहे आणि ते केवळ सजावटीसाठी आलेले नाही.

कॅथी राइक्स यांची टेम्परन्स ब्रेनन ही नायिका वाचक याच माळेत ओवतात. 'डेजा डेड' ही तिची पहिली कादंबरी १९९७ ची. लेखिका स्वतः न्यायसहायक मानवशास्त्रज्ञ असल्यामुळे त्यातील तपशील भक्कम आहेत, परंतु ब्रेननचे मुख्य काम प्रयोगशाळेतील टेबलावर चालते. हाड स्त्रीचे की पुरुषाचे, वय किती, जखम मृत्यूपूर्वीची की नंतरची, हे ती ठरवते. रूथचे काम त्याच्या आधीचे असते. हाड मातीत कसे पडले होते, खड्डा कोणत्या थरातून खणला गेला, वर काय टाकले गेले, हे ती वाचते. अनुदान तुटपुंजे असेल तर रूथ मालिकेतील पहिली चार पुस्तके घ्यावीत आणि ती क्रमानेच वाचायला द्यावीत. पुढील काही भागांत रूथ आणि नेल्सन यांच्या खासगी गुंतागुंतीला इतकी जागा मिळते की रहस्याची वीण सैल पडते, असे माझे मत आहे.

प्रश्न : मी शेती करतो आणि अशीच एक मराठी कादंबरी लिहीत आहे. सुरुवातीला शेततळे खणताना जेसीबीच्या बकेटमध्ये मानवी हाडे येतात. नायिका येते, हाड हातात घेते आणि "ही स्त्री तीस वर्षांपूर्वी मारली गेली," असे सांगते. पोलीस खात्यातील माझा भाऊ म्हणतो की हे अशक्य आहे. मग तिने काय करावे?
— एक वाचक, हिंगणा तालुका, जि. नागपूर

उत्तर : आपले बंधू बरोबर सांगत आहेत. हाड केवळ पाहून ते तीस वर्षांचे की तीनशे वर्षांचे हे कोणीही जबाबदार तज्ज्ञ छातीठोकपणे सांगणार नाही. आपल्या नायिकेने ते हाड हातात घेऊच नये, हेही मला आग्रहाने सांगावेसे वाटते. हाड जागेवरून हलले की त्याच्याभोवतीच्या मातीशी असलेले त्याचे नाते तुटते आणि ते पुन्हा जोडता येत नाही. तिने सर्वप्रथम जेसीबी थांबवावा, आतापर्यंत उपसलेल्या मातीचा ढीग वेगळा राखावा आणि तो पुढे चाळणीतून काढण्याची व्यवस्था करावी.

कायद्याची बाजूही कथेत यायला हवी, कारण नाट्य तेथेच आहे. पोलीस पाटील ठाण्याला खबर देतात. संशयास्पद मृत्यूची चौकशी पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ खाली होत असे. १ जुलै २०२४ पासून ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली होते. पुरलेला मृतदेह उकरून काढायचा असेल तर दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो आणि आपल्याकडे बहुधा तहसीलदार कार्यकारी दंडाधिकारी म्हणून जागेवर हजर राहतात. पंच आहेत, धुऱ्यावर सगळे गाव उभे आहे, पाऊस तोंडावर आला आहे, आणि नायिका मात्र वीतभर माती खरवडायला सकाळ घालवते आहे. हा ताण लेखकाला आयता मिळतो.

आता मातीकडे वळू. आपल्याकडील अनेक वावरांत वर काळी माती आणि खाली पिवळसर मुरूम असतो. कोणी खोल खड्डा खणून प्रेत पुरले असेल, तर काळ्या मातीत मुरमाचे खडे मिसळतात आणि खाली मुरमात काळ्या मातीचा डाग उतरतो. शेततळ्याची कापलेली भिंत ट्रॉवेलने, म्हणजे लहान थापीने, साफ केली की त्या डागाची कड दिसू लागते. नायिका त्या खड्ड्याचा अर्धाच भाग आधी उपसेल, म्हणजे उरलेल्या अर्ध्या भागात भरावाचे थर उभे दिसतील. मुरमाच्या भिंतीवर कुदळीचे वा फावड्याचे वळ टिकलेले असतील, तर हत्यार कोणते होते तेही कळू शकते. समजा, हाडांच्या खाली, खड्ड्याच्या तळाशी गुटख्याची पुडी सापडली आणि तिच्यावर उत्पादनाचा महिना वाचता आला, तर प्रेत त्या महिन्याच्या आधी पुरले गेले नाही हे निश्चित होते. आपल्या कादंबरीत संशयिताची सबब मोडण्यासाठी एवढी पुडी पुरेशी आहे.

मात्र येथे काळी माती नायिकेला फसवू शकते, आणि ही गोष्ट नॉरफोकमधील रूथला कधी भेडसावणार नाही. आपली काळी जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून फाटते. चैत्र-वैशाखात हात आत जाईल एवढ्या भेगा पडतात, वरची बटणे, नाणी, पन्न्या त्यांत खोल जातात आणि पहिल्या पावसात त्या भेगा मिटतात. वर्षानुवर्षांच्या या उलथापालथीत खड्ड्याची कडसुद्धा पुसट होते. त्यामुळे काळ्या मातीत हाडांशेजारी सापडलेली पुडी पुरावा ठरेलच असे नाही, पण मुरमात उतरलेल्या खड्ड्यात हाडांच्या खाली दबलेली पुडी ठरते. हा फरक नायिकेला कळला आणि प्रतिपक्षाच्या वकिलाला कळला नाही, तर न्यायालयातील प्रकरण आपोआप उभे राहील.

आपण हिंगणा तालुक्यातले आहात, म्हणून आणखी एक सुचवतो. आपल्याच तालुक्यात टाकळघाट-खापा येथे लोहयुगीन शिळावर्तुळांचे, म्हणजे दफनाभोवती रचलेल्या दगडांच्या वर्तुळांचे, उत्खनन झालेले आहे. काटोल रस्त्यावरील जुनापाणी येथे अशी सुमारे तीनशे वर्तुळे आहेत. माहूरझरीच्या वर्तुळांत तांब्याच्या मुठीचे लोखंडी खंजीर आणि तांब्याच्या अलंकारांसह पुरलेले घोडे सापडले. ही दफने इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातील आहेत. अशा वर्तुळात गुप्तधनाच्या लोभाने रात्री खड्डे मारणारे लोक आपल्या परिचयाचे असतील. जुन्या दफनाचे दगड बाजूला सारून त्याच जागी कोणी नवे प्रेत लपवले, तर पोलिसांना ती हाडे "ऐतिहासिक" म्हणून सोडून देण्याचा मोह होईल. दगडांच्या भरावातून उतरलेला नवा खड्डा ओळखणे हे तेव्हा नायिकेचे काम ठरेल. १८७८ च्या निखात निधी अधिनियमानुसार दहा रुपयांहून अधिक किमतीचे धन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते, आणि गुप्तधनासाठी केलेली अघोरी कृत्ये महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या कक्षेत येतात. आपले कथानक या दोन्ही कायद्यांना स्पर्श करील.

तीस वर्षे हा आकडा ठेवायचाच असेल, तर तो प्रयोगशाळेतून आणावा. १९५० आणि १९६० च्या दशकांतील अणुचाचण्यांमुळे हवेतील किरणोत्सारी कार्बन एकदम वाढला, १९६३ च्या सुमारास शिखरावर गेला आणि नंतर उतरत गेला. त्या काळानंतर जगलेल्या माणसाच्या दातांत आणि हाडांत ही वाढ उमटते. अहवाल यायला आठवडे लागतात आणि तोवर गावात अफवा पिकतात, हेही आपल्या उपयोगाचे आहे.

प्रश्न : प्राचीन हाडे निघतात आणि त्याच वेळी एखाद्या ताज्या किंवा दडपलेल्या गुन्ह्याला वाचा फुटते, हा या कादंबऱ्यांतील योगायोग पटत नाही.
— एक वाचक, दर्यापूर तालुका, जि. अमरावती

उत्तर : प्रत्यक्षात याहून विलक्षण घडलेले आहे. इंग्लंडमधील चेशायर परगण्यात लिंडो मॉस नावाची दलदल आहे. मे १९८३ मध्ये तेथे पीट, म्हणजे सरपणासाठी आणि बागांसाठी काढली जाणारी कुजट माती, उपसताना कामगारांना कवटीचा भाग सापडला. त्या दलदलीला लागून असलेल्या घरात पूर्वी राहणाऱ्या एका माणसाची पत्नी सुमारे दोन दशकांपूर्वी बेपत्ता झाली होती. पोलिसांनी कवटीचा विषय काढताच त्याने पत्नीचा खून करून तिला तेथे पुरल्याची कबुली दिली. पुढे कार्बन कालमापनात ती कवटी सुमारे सतराशे वर्षांपूर्वीची, रोमन काळातील निघाली. पत्नीचे अवशेष सापडले नाहीत, तरीही कबुलीच्या आधारे त्याला शिक्षा झाली. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १९८४ मध्ये, त्याच दलदलीत एका प्राचीन पुरुषाचा त्वचेसह टिकलेला देह मिळाला आणि तो आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

प्रश्न : मृतांच्या अस्थी हा करमणुकीचा विषय व्हावा का? आमच्या भागात पुरलेल्या माणसाला कोणी हात लावत नाही.
— निवृत्त शिक्षिका, भामरागड तालुका, जि. गडचिरोली

उत्तर : आपल्या प्रश्नामागील भावना मला पूर्णपणे मान्य आहे. आपल्या भागातील माडिया समाज मृतांच्या स्मरणार्थ आजही दगड उभे करतो. गोंड आणि इतर अनेक समाजांत, तसेच लहान मुलांच्या बाबतीत पुष्कळ ठिकाणी, दहनाऐवजी दफन करण्याची परंपरा आहे. जमिनीत हाड दिसले की गुन्हाच समजणारी नायिका अडाणी ठरेल. गावातील वडीलधाऱ्यांना आधी विचारणे हा तिच्या तपासाचा पहिला भाग असला पाहिजे, आणि विदर्भात घडणाऱ्या कादंबरीत हा प्रसंग नसेल तर ती मला अपुरी वाटेल.

परंतु हाडांना त्यांची ओळख परत मिळवून देणे हेही या विद्येचे काम आहे. पंजाबातील अजनाला येथे एका गुरुद्वाऱ्याखालील विहिरीतून २०१४ मध्ये शेकडो माणसांचे अवशेष निघाले. ते १८५७ मध्ये ठार मारलेल्या २६ व्या बंगाल नेटिव्ह इन्फंट्रीच्या शिपायांचे की फाळणीत मारल्या गेलेल्या लोकांचे, असा वाद होता. दातांतील डीएनए आणि समस्थानिके (एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वजनाचे अणू, ज्यांवरून माणसाचे अन्नपाणी कोणत्या भागातले ते कळते) तपासून भारतीय शास्त्रज्ञांनी २०२२ मध्ये दाखवून दिले की ही माणसे गंगेच्या मैदानी प्रदेशातील होती. लिखित नोंदीतील शिपायांच्या मुलखाशी ते जुळले. दुःखाची गोष्ट अशी की ही विहीर पुरातत्त्वज्ञांनी नव्हे, तर स्थानिक लोकांनी श्रद्धेपोटी उपसली होती. त्या घाईत हाडे तुटली आणि एकमेकांत मिसळली, त्यामुळे एकेक माणूस वेगळा करणे फार कठीण होऊन बसले. चांगल्या कादंबरीत मृताचे नाव शोधण्याची ओढ खुनी शोधण्याइतकीच तीव्र असते. रूथच्या कथांत ती मला जाणवते, म्हणूनच मी त्यांची शिफारस करतो. जेथे ती ओढ नाही आणि सांगाडा फक्त भीतीसाठी आणलेला आहे, तेथे आपला आक्षेप मी मान्य करतो.

प्रश्न : मी बारावीत आहे. अशा कादंबऱ्या वाचून हेच काम करावेसे वाटते. कोणते शिक्षण घ्यावे?
— एक विद्यार्थिनी, राळेगाव तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : आपल्याकडे हे काम आज विभागलेले आहे. पोलिसांकडून आलेली हाडे वैद्यकीय महाविद्यालयांतील न्यायवैद्यक विभाग तपासतो, डीएनए आणि रासायनिक चाचण्या न्यायसहायक प्रयोगशाळेत होतात आणि उत्खननाचे शास्त्र पुरातत्त्व विभागांत शिकवले जाते. तुला दोन्ही टोके हवी असतील, तर आधी एक पक्के कर. विज्ञान शाखेत असशील तर नागपूरच्या शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्थेची चौकशी कर. कला शाखेत असशील तर पदवीनंतर नागपूर विद्यापीठाचा प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती व पुरातत्त्व विभाग किंवा पुण्याचे डेक्कन कॉलेज योग्य ठरेल. डेक्कन कॉलेजात प्राचीन मानवी सांगाड्यांच्या अभ्यासाची जुनी परंपरा आहे. प्रवेश कोठेही घेतलास तरी पहिल्याच वर्षी उत्खननाच्या शिबिराला जाण्याची परवानगी माग. घरच्यांना सांगताना हेही सांग की तेथे उन्हात बसून मातीचे थर कागदावर मापाने काढावे लागतात, आणि हे काम चित्रकलेची वही नीट ठेवणाऱ्या मुलींना चांगले जमते.