वेगळं होण्याचा हक्क गावापर्यंत दिला तर अराजक माजेल का?

तुम्ही विचारलंय की, लिबर्टेरियन, म्हणजे सरकारी सत्तेपेक्षा व्यक्तीचं स्वातंत्र्य मोठं मानणारे लोक म्हणतात तसा फुटून निघण्याचा हक्क गावालाही दिला, तर तुकडे पडतच राहतील ना? नाही. मात्र मतदानाचा क्रम आधी ठरलेला हवा. स्वित्झर्लंडमधल्या जुराने हे करून दाखवलंय. अर्थात तिथे देश फुटला नाही, बर्न कॅन्टन (तिथलं घटक राज्य) फुटला.

फ्रेंच बोलणारा जुरा १८१५ साली व्हिएन्नाच्या तहात जर्मनभाषक बर्नला जोडला गेला. १९७० मध्ये बर्नने स्वतःच्या घटनेत वेगळं होण्याची पद्धत घातली. २३ जून १९७४ ला अख्ख्या जुराने मत दिलं: वेगळं व्हायचं ३६,८०२, नको ३४,०५७. मोजणी इथेच थांबली असती, तर दक्षिणेकडचे तीन प्रोटेस्टंट जिल्हे मनाविरुद्ध ओढले गेले असते. म्हणून दुसरी फेरी होती. जिल्ह्यातल्या एक-पंचमांश मतदारांनी मागितलं की त्या जिल्ह्याचं वेगळं मतदान. मार्च १९७५ मध्ये ते तिन्ही जिल्हे बर्नमध्येच राहिले. तिसरी फेरी सीमेलगतच्या गावांची. १ जानेवारी १९७९ ला नवा कॅन्टन सुरू झाला.

मला यातली दुसरी आणि तिसरी फेरीच खरी लिबर्टेरियन वाटते. जो हक्क आपण मागतो तो आपल्यातल्या अल्पसंख्याकांना नाकारला, तर फक्त मालक बदलतो.

चुकलं कुठे? वेलरा नावाच्या चिमुकल्या गावाला जुरात जायचं होतं, पण मतदानाच्या वेळी त्याची हद्द नव्या कॅन्टनला भिडत नव्हती. शेजारचं गाव जुरात गेलं, हद्द भिडली, तोवर फेऱ्या संपल्या होत्या. वेलराला १९९६ पर्यंत थांबावं लागलं. म्हणजे नियमात ‘सीमा सरकली की पुन्हा विचारू’ हे कलम हवंच.

दुसरा घोळ मतदार यादीचा. बर्नमध्येच राहिलेल्या मूतिए शहराने २०१७ मध्ये १३७ मतांच्या फरकाने जुरा निवडला. यादीतल्या संशयास्पद रहिवाशांमुळे आणि पालिकेच्या एकतर्फी प्रचारामुळे ते मतदान रद्द झालं. २०२१ मध्ये संघराज्याच्या देखरेखीखाली पुन्हा मतदान झालं: २,११४ विरुद्ध १,७४०. तरी प्रत्यक्ष बदली १ जानेवारी २०२६ ला झाली, कारण कार्यालयं, शाळा, इस्पितळ आणि मालमत्तेची वाटणी करारात बसवायला वर्षं लागतात. मतपेटीपेक्षा हे काम कितीतरी किचकट असतं.

सीमाभागासाठी महाराष्ट्र ‘खेडे हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुमत आणि लोकेच्छा’ मागत आला, तेही याच दिशेचं. पण आपल्या घटनेच्या कलम ३ मध्ये गावाला विचारण्याची तरतूदच नाही. संसद साध्या बहुमताने राज्याची हद्द बदलू शकते आणि राज्याच्या विधिमंडळाचं मतही बंधनकारक नसतं.

देशातूनच बाहेर पडण्याचा हक्क हवा असेल तर युरोपातला छोटा देश लिख्टेनश्टाइन पाहा. २००३ पासून तिथल्या घटनेच्या कलम ४ नुसार अकरापैकी कोणतीही नगरपालिका तशी प्रक्रिया सुरू करू शकते. वेगळं होणं तहाने ठरणार असेल, तर वाटाघाटी संपल्यावर दुसरं मतदान घ्यावं लागतं. आजवर एकीनेही पाऊल उचललेलं नाही.