नेमबाजी की हातघाई?
मित्रा, वॉरहॅमर ४०,००० या टेबलावर छोट्या सैनिक-पुतळ्यांनी खेळायच्या युद्धखेळात पहिली फौज निवडताना ‘ताऊ घेऊ की वर्ल्ड ईटर्स?’ हा प्रश्न पडणारच. ताऊ लांबून भाजून काढतात, पण कोणी अंगाशी भिडलं की कोलमडतात. वर्ल्ड ईटर्सचं नेमकं उलट.

माझं मत विचारशील तर आधी हातघाई शिक, अंतराचा अंदाज त्यातूनच बसतो. नियमांच्या दहाव्या आवृत्तीत डीप स्ट्राइकने (तुकडी राखीव ठेवून मग थेट मैदानात उतरवणं) शत्रूपासून ९ इंचांपलीकडे उतरलास, तर चार्जला (धावून शत्रूला भिडायला) दोन फाशांवर किमान ९ पडावे लागतात. ३६ पैकी १० वेळाच पडतात. तो जुगार टाळ. पडक्या भिंतीआड थांब, शत्रूला ऑब्जेक्टिव्हवर (ताबा मिळवून गुण कमवायच्या जागेवर) येऊ दे, मग ६-७ इंचांवरून तुटून पड.

ताऊ घेतलेसच, तर पुढे क्रूटची (ताऊंच्या साथीदार योद्ध्यांची) स्वस्त तुकडी आडवी ठेव.