नोटपॅड प्लस प्लस सुटलं, आता काय?

प्रश्न: विंडोज सोडून लिनक्सवर आलो. नोटपॅड प्लस प्लस हा माझा नेहमीचा एडिटर इथे मिळेना. जो तो ‘विम एडिटर शिका’ म्हणतो. माझं काम मराठी टिपणं आणि थोडं पायथन प्रोग्रॅमिंग. काय घेऊ?

उत्तर: केट हा एडिटर घ्या. टॅब, रंगीत कोड, शोधा-बदला, उभा मजकूर निवडणं, सगळं हाताशी. वाइनमधून (विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणारं साधन) जुना एडिटर चालवता येतो, पण कशाला तो खटाटोप?

विम 1991पासून आहे आणि उत्तमच आहे. पण आत शिरलेल्याला बाहेर पडता येत नाही, हा विनोद उगाच नाही! (एस्केप, मग कोलन, क्यू, उद्गारचिन्ह, एंटर. न साठवलेलं मात्र जाईल.) शिवाय तो टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत चालतो आणि बऱ्याच टर्मिनलांत मराठी जोडाक्षरं फुटतात, त्यामुळे टिपणांसाठी मी तरी तो सुचवणार नाही. टर्मिनलमध्ये अडलंच तर नॅनो हा साधा एडिटर. त्याच्या कळा खालीच लिहिलेल्या असतात.

खरी डोकेदुखी जुन्या फायलींची. विंडोज ओळ संपवायला दोन चिन्हं टाकतं, लिनक्स एकच. त्या जादा चिन्हामुळे पायथन स्क्रिप्ट थेट चालवताना ‘बॅड इंटरप्रिटर’ म्हणून अडू शकते. केटच्या टूल्स मेनूत ‘एंड ऑफ लाइन’ युनिक्स (म्हणजे लिनक्सची एका चिन्हाची पद्धत) करा, सेव्ह करा. एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) यूटीएफ-8 आहे ना, तेही तिथेच बघून घ्या.